तोच उंदीर, तोच कान



मुख्याध्यापिका बाईंनी मला माझ्या जुन्या शाळेत ‘करिअर मार्गदर्शन करा’ म्हणून बोलावलंय. पण येताना प्रयोगशाळेचं दार दिसलं आणि मार्गदर्शन तिथेच राहिलं. तिथेच बेडकाच्या पिल्लाची शेपटी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून आमच्या सरांनी वाहतं रक्त दाखवलं होतं. माझा नंबर आला, तोच मागून धक्का बसला. धक्का देणारे गृहस्थ आज दुसऱ्या रांगेत पालक म्हणून बसलेत. हसू नका राव, तुम्हीच!

ती शेपटी पारदर्शक. आता मी ज्या उंदरांवर काम करतो, त्यांच्या कातडीआड काय चाललंय ते असं दिसत नाही. केशवाहिनी ५ ते १० मायक्रोमीटरची. पूर्वी ती बघायला अनेकदा उंदीर मारून ऊतींचे काप काढत. म्हणजे पहिल्या दिवशीचा उंदीर एक, दहाव्या दिवशीचा दुसराच! आम्ही भूल दिलेल्या उंदराच्या कानावर लेझरचे अगदी क्षणिक झोत सोडतो. रक्तातलं हिमोग्लोबिन प्रकाश शोषतं, किंचित तापून प्रसरण पावतं आणि त्यातून ध्वनिलहर उठते. विजेमागून गडगडाट यावा तसं, फक्त आपल्याला ऐकू न येणारं. प्रकाशातून आवाज निघतो हे ग्रॅहम बेलनी १८८० मध्येच दाखवलं होतं. त्या लहरींवरून रक्तवाहिन्यांचा नकाशा बनतो. चिरायचं नाही, रंग टोचायचा नाही. दिसतं मात्र जेमतेम मिलिमीटरभर खोल. बाकी गणित आहे, ते सोडा.

महत्त्वाचं पुढेच आहे. उंदीर शुद्धीवर येतो, पिंजऱ्यात जातो आणि दोन दिवसांनी पुन्हा तोच उंदीर, तोच कान. जखम भरताना नवी वाहिनी कुठून फुटली, कुठली आटली, हे तेव्हा कळतं. एका चित्रात हे कळत नाही. पोरांनो, म्हणून सांगतो, एक काहीतरी धरा. ओढा धरा, झाड धरा, तबला धरा, पण वर्षभर त्याच्याकडेच परत जा. कंटाळा आला तरी जा. कंटाळा आल्यावर तर जाच! बोटानं व्हिडिओ सरकवत राहाल तर रोज नवा उंदीर. हे पुढच्या रांगेलाही लागू आहे बरं का. विश्वस्तसाहेब, तुमचं चालू द्या, कामाचा फोन असेल.

बाई खुणावताहेत. विंगेत नाटकातल्या मावळ्यांच्या मिशा सुटायला लागल्यात म्हणे. बक्षिसं नाटकानंतर देऊ या.