संकासुर आणि मेटलची गाणी

गेल्या मे महिन्यात मुंबईहून भाचा गावी आला होता. त्याच्या हेडफोनमधून बाहेर झिरपणारा ढणढणाट ऐकून आई म्हणाली, "बाबू, ह्या भुताखेताचा कित्याक ऐकतंस?" तो म्हणाला, "आजी, मत्स्यावताराचं गाणं आहे हे."

खरंच होतं ते. 'डेमॉनिक रिझरेक्शन' या मुंबईच्या मेटल बँडनं २०१७ साली 'दशावतार' नावाचा अल्बम काढला. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांची दहा गाणी, शब्द इंग्रजी. साहिल मखिजा पोटातून श्वास दाबून, घोगऱ्या गुरगुरत्या आवाजात गातो. पहिल्यांदा शब्द कळतच नाहीत. कागदावर वाचून पुन्हा ऐकलं, तेव्हा तो आवाज मला कथेला शोभणारा वाटला.

या संगीताला सैतानाचा शिक्का फार लवकर बसला. बर्मिंगहॅमच्या कामगार वस्तीतल्या पोरांनी आपल्या बँडला 'ब्लॅक सॅबथ' हे नाव घेतलं ते एका भीतिपटावरून. १९७० साली त्यांचा पहिला अल्बम आला. 'आयर्न मेडन' या बँडचं १९८२चं 'द नंबर ऑफ द बीस्ट' हे गाणं त्यांच्यातल्या स्टीव्ह हॅरिसला पडलेल्या वाईट स्वप्नातून आलं, आणि अमेरिकेत काही धार्मिक मंडळींनी त्यांच्या तबकड्या जाळल्या. गाण्यात राक्षस आला म्हणजे गाणारा राक्षसाचा भक्त, असं त्यांनी धरलं.

आपल्या कोकणात हा घोटाळा कोणी करत नाही. जत्रेत देवळासमोर धयकालो, म्हणजे दशावतारी नाटक, सुरू होतो. गणपती येतो, सरस्वती येते आणि मग वेद पळवणारा संकासुर. अंगभर काळे कपडे, तोंडावर काळा बुरखा. मृदंग आणि झांज चढत जाते, पायपेटीचा सूर ताणला जातो, आणि आईच्या मांडीवर पेंगणारं पोर टक्क जागं होतं. तेच पोर दोन मिनिटांत खदखदून हसतं, कारण संकासुर मालवणीत बोलतो, आपल्याच घरातल्या काकासारखा. शेवटी विष्णू त्याला मारतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी त्याची वाट बघितली जाते.

आरवलीच्या वेतोबाचंही तसंच. वेतोबा म्हणजे वेताळ, भुतांचा राजा. पण गाव त्याला राखणदार मानतं, केळीचे घड वाहतं आणि भलंमोठं पायताण अर्पण करतं. तो रात्री गावाची राखण करत फिरतो, त्यात पायताण झिजतं, अशी श्रद्धा. भीती आणि भरवसा एकाच मूर्तीत आपण पिढ्यान्‌पिढ्या जपलाय.

म्हणून भाच्याच्या गाण्यातला राक्षस मला परका वाटत नाही. एक फरक मात्र जाणवला. आपल्या दशावतारी नाटकात नाव दहांचं असलं, तरी दहाही अवतार रंगमंचावर येत नाहीत. मुंबईच्या पोरांनी मात्र दहाही गायले आहेत.

यंदा जत्रेला भाचा येणार आहे. आईनं त्याला आत्ताच बजावून ठेवलंय, संकासुर येईपर्यंत झोपायचं नाही.