घाट चढून येणारे पाणी



विहिरीवर मोट चालत असे त्या काळी पाणी आणि शक्ती यांचे नाते शेतकऱ्यास कोणी समजावून सांगावे लागत नसे. पाणी जितके खोल जाई, तितके बैल अधिक दमत. पाट फुटून वाहून गेलेले पाणी म्हणजे बैलांचे वाया गेलेले श्रम, हे तो जाणून होता. पुढे मोट गेली, विजेचा पंप आला आणि ते श्रम डोळ्यांआड झाले. नाते मात्र कायम आहे. इंदूर शहराचा पाणीपुरवठा हे त्याचे ठळक उदाहरण होय.

होळकरांच्या काळी इंदूरची तहान बिलावलीसारख्या तलावांवर आणि पुढे गंभीर नदीवरील यशवंत सागरावर भागत असे. शहर वाढले, तसे तलाव अपुरे पडू लागले. नर्मदेचे पाणी मिळावे म्हणून 1970 मध्ये नागरिकांनी मोठे आंदोलन केले आणि 1978 मध्ये ते पाणी शहरात पोहोचले. मंडलेश्वरजवळील जलूद येथे उचललेले हे पाणी सुमारे 70 किलोमीटरचा प्रवास करून, विंध्याचा घाट चढून येते. नदीचा काठ आणि माळव्याचे पठार यांच्या उंचीत सुमारे 400 मीटरांचे अंतर आहे. एक हजार लिटर पाणी इतके उंच चढविण्यास शास्त्रीय हिशेबाने किमान 1.1 युनिट वीज लागते. पंपांतील व जलवाहिन्यांतील घट धरल्यास हा आकडा दीड युनिटाच्या आसपास जातो.

ही वीज यावयाची कोठून? तिचा काही भाग नर्मदाच देते. इंदिरा सागर येथील वीजगृहाची क्षमता 1000 मेगावॅट, ओंकारेश्वरची 520 मेगावॅट, तर गुजरातमधील सरदार सरोवराची 1450 मेगावॅट आहे. सरदार सरोवराच्या विजेत मध्य प्रदेशाचा वाटा 57 टक्के, महाराष्ट्राचा 27 टक्के व गुजरातचा 16 टक्के आहे. म्हणून खोऱ्यात पाऊस कमी झाला, की पिण्याचे पाणी, सिंचन आणि वीज या तिन्हींवर एकाच वेळी ताण पडतो. 2017 च्या पावसाळ्यानंतर हेच घडले. सरदार सरोवराची पातळी इतकी खाली गेली, की 2018 च्या आरंभी तळाचा राखीव साठा वापरण्याची पाळी आली आणि गुजरातमधील शेतकऱ्यांना उन्हाळी पिकांसाठी कालव्याच्या पाण्यावर विसंबू नये, असे सांगावे लागले.

नर्मदेच्या पाण्याची वाटणी 1979 च्या लवादाच्या निवाड्याने ठरली. 280 लाख एकर-फूट पाण्यापैकी मध्य प्रदेशास 182.5 लाख, गुजरातला 90 लाख, राजस्थानला 5 लाख आणि महाराष्ट्रास 2.5 लाख एकर-फूट असे ते वाटप आहे. 45 वर्षांनंतर त्याचा फेरविचार करता येईल, अशी तरतूद निवाड्यातच आहे व ती मुदत 2024 मध्ये पूर्ण झाली. वाटा नव्याने मागता येईल. नदीतील पाणी मात्र मागणीने वाढणार नाही.

पुढील काळाविषयी दोन मते मांडली जातात. एक मत अधिक पाणी उपसून दूरवर नेण्याचे आहे. 2014 मध्ये नर्मदेचे पाणी क्षिप्रेत सोडण्यात आले, ते याच मार्गाने. दुसरे मत असे, की प्रथम जुने तलाव राखावेत, पावसाचे पाणी जिरवावे आणि गळती थांबवावी. यांपैकी कोणतेही एक मत पुरेसे नाही. लाखोंच्या शहराची तहान केवळ तलावांवर भागणार नाही. परंतु प्रत्येक उपशाबरोबर विजेची मागणीही वाढते, हेही विसरून चालणार नाही.

या दृष्टीने काही पावले पडली आहेत. जलूद येथे 60 मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारण्यासाठी इंदूर महानगरपालिकेने 2023 मध्ये 244 कोटी रुपयांचे रोखे काढले. ओंकारेश्वरच्या जलाशयावर तरंगत्या सौर प्रकल्पातून 2024 मध्ये वीज मिळू लागली. सूर्य दिवसा वीज देईल, त्या वेळी धरणातील पाणी राखून रात्री वापरता येईल. मात्र ज्या पाण्यावर सौरपट्ट्या पसरावयाच्या, तेथे जाळे टाकणाऱ्या मच्छीमारांचा विचार आधी व्हावयास हवा.

शेवटी एक साधा हिशेब. गळक्या नळाखाली तासाला पंधरा लिटरांची एक बादली भरत असेल, तर तीन दिवसांत हजार लिटरांहून अधिक पाणी जाते आणि त्यासोबत सुमारे दीड युनिट वीजही जाते. शाळेतील मुलांनी आपल्या गल्लीतील असे नळ मोजावेत. शिक्षकांनी तो हिशेब फळ्यावर मांडावा व ग्रामसेवकांनी तो ग्रामसभेत वाचून दाखवावा. इंदिरा सागरासाठी 2004 मध्ये हरसूद हे भरले गाव उठले. ज्या पाण्यासाठी कोणी आपले घरदार सोडले, ते गटारात वाहू न देणे हे त्या माणसांचे किमान ऋण आहे.