उबवणीच्या पेटीतला सेन्सर



रवणीला बसलेली कोंबडी तुम्ही निरखून पाहिली असेल. तिच्या पोटावरची पिसं झडलेली असतात आणि उघडी कातडी थेट अंड्याला लागते. अंडं गार आहे की गरम, हे तिला त्या कातडीनं कळतं. आपण थर्माकोलच्या पेटीत बल्ब लावून अंडी उबवतो, तेव्हा कातडीचं हे काम सेन्सर करतो. पेटी बनवणं, पंखा बसवणं, पाण्याचं भांडं ठेवणं आता बऱ्याच गटांना जमलंय. गाडी अडते ती बोटाच्या पेराएवढ्या या सेन्सरपाशी. म्हणून आज फक्त त्याच्याबद्दल बोलू.

पंखा असलेल्या पेटीत कोंबडीच्या अंड्यांना साडेसदतीस अंश, म्हणजे ३७.५ सेल्सियस, ऊब लागते आणि तीही २१ दिवस. थोडा वेळ गारवा आला तर पिल्लू सहसा तग धरतं, फक्त उशिरा बाहेर येतं. उष्णता मात्र त्याला सोसत नाही. दोन अंश जास्त ऊब काही तास टिकली तरी अंड्यातलं पिल्लू दगावायला लागतं. पेटीत साठ अंडी असतील तर ती गिरिराज, वनराजाची, पैसे मोजून आणलेली असतात. ती बिघडली की पैसे गेले आणि तीन आठवडेही गेले.

दुकानात गेलं की तीन प्रकारचे सेन्सर समोर येतात. पहिला थर्मोकपल. तो भट्टीसाठी, ओव्हनसाठी चांगला. तिथं दोन-चार अंशांनी काही बिघडत नाही, आपलं मात्र बिघडतं. तो नको. दुसरा तीन तारांचा डिजिटल सेन्सर, डी.एस. १८ बी २० नावाचा. तो चांगला आहे, अर्ध्या अंशाच्या आत बरोबर सांगतो, पण त्याची भाषा समजणारा कंट्रोलर लागतो. दोन तारांच्या साध्या कंट्रोलरला तो चालत नाही. तिसरा थर्मिस्टर. बहुतेक स्वस्त कंट्रोलरबरोबर हाच येतो आणि आपल्या कामाला तो पुरेसा आहे.

थर्मिस्टर म्हणजे विजेला अडवणारा एक मणी. गार असला की जास्त अडवतो, गरम झाला की कमी. २५ अंशाला त्याचा अडथळा १० हजार ओहम असतो, म्हणून दुकानदार त्याला ‘टेन के’ म्हणतात. कंट्रोलर हा अडथळा मोजतो आणि त्यावरून अंश काढतो.

आता फसगत कुठं होते ते ऐका. सेन्सर खराब झाला की आपण दुकानात जाऊन ‘टेन के द्या’ म्हणतो आणि दुकानदार हातात येईल तो देतो. पण टेन के सगळे सारखे नसतात. गरम होताना अडथळा किती वेगानं उतरतो, याचा एक आकडा असतो. त्याला बी व्हॅल्यू म्हणतात. काही सेन्सरची ती ३९५० असते, काहींची ३४३५. २५ अंशाला दोघे सारखेच दिसतात, म्हणून दुकानात तपासून काही कळत नाही. पण ३९५० मागणाऱ्या कंट्रोलरला ३४३५ चा सेन्सर लावला, तर डब्यावर ३७.५ दिसत असताना आत जवळजवळ साडेएकोणचाळीस अंश असतात! आकडा बरोबर दिसतोय म्हणून आपण निवांत, आणि अंडी तिकडे शिजायला लागलेली. म्हणून जुना सेन्सर आणि कंट्रोलर दोन्ही सोबत न्या आणि बी व्हॅल्यू विचारूनच घ्या. दुकानदाराला ती सांगता आली नाही तर दुसरं दुकान गाठावं, असं आमचं मत आहे.

नवा असो की जुना, सेन्सर घरीच तपासता येतो. तापाचा डिजिटल थर्मामीटर घरात असतोच. तांब्यात कोमट पाणी घ्या, हाताला जेमतेम उबदार लागेल इतपत. थर्मामीटरचं आणि सेन्सरचं टोक एकाला एक लावून पाण्यात धरा आणि पाणी हलवत राहा. दोन मिनिटांनी दोन्ही आकडे वाचा. थर्मामीटर फॅरनहाइटचा असेल तर लक्षात ठेवा, साडेसदतीस सेल्सियस म्हणजे साडेनव्व्याण्णव फॅरनहाइट. फरक अर्ध्या अंशाचा असेल तर कंट्रोलरमध्ये दुरुस्ती भरता येते. बाजारात जास्त दिसणाऱ्या डब्ल्यू १२०९ या छोट्या कंट्रोलरमध्ये ती पी ४ मध्ये भरतात. त्याच कंट्रोलरमध्ये पी ० ला एच ठेवावं लागतं, म्हणजे तापवणं. पी १ हा फरकाचा आकडा, तो कारखान्यातून २ अंशांवर येतो. तो ०.२ किंवा ०.३ वर आणा, नाहीतर ऊब सारखी खालीवर होत राहील.

आता जोडणी. थर्मिस्टरच्या दोन तारांना उलटसुलट नसतं, कशाही लावा. तार अपुरी पडली तर दोन-तीन मीटर जोडता येते, आकड्यात काही फरक पडत नाही. पण जोड पेटीच्या आत नको. आत दमटपणा असतो. पिळून टेप गुंडाळलेल्या जोडात पाणी शिरलं की वीज तिथून चोरवाट काढते आणि कंट्रोलरला वाटतं आत गरम आहे. बल्ब लवकर बंद होतो, अंडी गारठतात, आणि दोष जातो बिचाऱ्या कोंबड्याला! जोड बाहेर काढा, डाग देऊन घ्या, वर आकसणारी नळी चढवा.

सेन्सरची तार आणि बल्बची २३० व्होल्टची तार एकत्र बांधू नका. बल्बकडे जाणारा फेज कंट्रोलरच्या रिलेतून जाऊ द्या, न्यूट्रल थेट बल्बला. पेटी पत्र्याची असेल तर अर्थिंग हवंच, आणि पाण्याचं भांडं आत असल्यामुळे ३० मिलिअँपिअरची आर.सी.सी.बी. लावून घ्या. एवढं काम वायरमनकडूनच करून घ्यावं. पण तो करत असताना आपण शेजारी उभं राहावं, फेज कुठून नेला ते विचारावं.

सेन्सरचं टोक अंड्यांच्या वरच्या पातळीला, हवेत लोंबतं ठेवा. अंड्याला, भिंतीला टेकवू नका. बल्बसमोर, पंख्याच्या थेट झोतात किंवा पाण्यावरही नको.

अंडी ठेवण्याआधी आणखी एक परीक्षा. बल्ब चालू असताना सेन्सरचा कनेक्टर ओढून काढा. चांगला कंट्रोलर चुकीची खूण दाखवून बल्ब बंद करतो. एखादा तुटलेल्या तारेला थंडी समजतो आणि बल्ब जळतच ठेवतो. उंदरानं तार कुरतडली तर रात्रीत काय होईल ते या परीक्षेत कळतं. असा कंट्रोलर एकटा वापरू नये. बल्बच्या वाटेत ३९ अंशांवर तोडणारा दुसरा, वेगळ्या सेन्सरचा कंट्रोलर घाला. तसाही तो प्रत्येक पेटीत असावा, कारण रिलेही चिकटते.

मग रिकामी पेटी एक दिवस आणि एक रात्र चालवा, दर दोन-तीन तासांनी आकडा वहीत लिहा. पहाटेचा आकडा चुकवू नका, तेव्हाच गारवा जास्त असतो. रीडिंग स्थिर आलं की अंडी आत.

अठराव्या दिवसानंतर पिल्लं बाहेर यायला लागतात तेव्हा सेन्सरची तार थोडी वर बांधा, पिल्लं तिला चोच मारतात. खेप निघाली की टोकावर चिकटलेली लव कोरड्या फडक्यानं पुसून काढा आणि पुढच्या खेपेआधी तांब्यातलं कोमट पाणी पुन्हा एकदा.