टेबलाच्या आधी आणि टेबलानंतर



भूलतज्ज्ञांच्या सभेत अध्यक्षाने भूलशास्त्राच्या प्रगतीचा आढावा घ्यावा, अशी प्रथा आहे. मी ती मोडतो आणि एकाच रुग्णाबद्दल बोलतो. शंभर-सव्वाशे किलो वजन, पित्ताशयात खडे, दुर्बिणीतून शस्त्रक्रिया. असा रुग्ण आता मोठ्या बॅरिअॅट्रिक केंद्रांपुरता राहिलेला नाही. तालुक्याच्या नर्सिंग होममध्येही तो आपल्यासमोर येतो.

भूल दिली की फुप्फुसाचा काही भाग मिटतो, ही शंका बेंडिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मांडली. १९८५ मध्ये स्वीडनमध्ये सीटी स्कॅनवर ते प्रत्यक्ष दिसले आणि तेही भूल दिल्यापासून अवघ्या काही मिनिटांत. लठ्ठ रुग्णात हे सगळे जास्त होते. आडवे झाले की पोटाचा भार श्वासपटलाला छातीत वर ढकलतो. स्नायू सैलावले की त्याला रोखणारे कोणी उरत नाही. श्वास सोडल्यावर फुप्फुसात उरणारा हवेचा साठा आधीच तुटपुंजा, तो आणखी घटतो आणि पाठीकडच्या बारीक श्वासनलिका मिटतात. त्यांच्या पलीकडे शंभर टक्के ऑक्सिजन कोंडलेला असेल, तर रक्त तो झटपट शोषून घेते आणि वायुकोश रिकामे होतात. सुरक्षेसाठी दिलेला ऑक्सिजनच इथे मिटण्याला हातभार लावतो. तरीही नळी टाकण्याआधी तो पुरेपूर द्या, त्यात काटकसर नको. पण नळी जागेवर बसली, सॅच्युरेशन स्थिर झाले, की प्रमाण खाली आणा. डायल शंभरवरच विसरून जाण्याची सवय आपल्यापैकी पुष्कळांना आहे.

व्हेंटिलेटरबद्दल एकच सांगतो. रुग्णाचे वजन फाइलवर असते, उंची मात्र क्वचितच. फुप्फुस उंचीच्या मापाने घडते, चरबीबरोबर ते वाढत नाही. १५५ सेंटिमीटर उंचीच्या, १२० किलोच्या बाईंचे हिशेबात धरायचे वजन साधारण ४८ किलो. किलोमागे सहा ते आठ मिलिलिटर धरले तर एका श्वासाला तीनशे ते पावणेचारशे मिलिलिटर पुरतात. काट्यावरचे वजन धरले तर आपण त्याच्या अडीचपट हवा कोंबू.

आता वादाचा मुद्दा. पीप, म्हणजे श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब, किती ठेवायचा आणि फुप्फुस दाबाने उघडायचे की नाही? २००९ मधल्या स्वीडिश अभ्यासात अतिलठ्ठ रुग्णांत ५५ सेंटिमीटर पाण्याच्या दाबाने फुप्फुस उघडून पाठोपाठ १० चा पीप ठेवला, तेव्हाच ते उघडे राहिले. नुसता पीप किंवा नुसते उघडणे पुरले नाही. मग २०१९ मध्ये ‘प्रोबीज’ या चाचणीचे निष्कर्ष आले. सुमारे दोन हजार रुग्ण, एका गटात १२ चा पीप आणि वारंवार उघडणे, दुसऱ्यात नुसता ४ चा पीप. पहिल्या गटात टेबलावर ऑक्सिजन कमी वेळा घसरला, रक्तदाब मात्र जास्त वेळा पडला. आणि शस्त्रक्रियेनंतरच्या फुप्फुसाच्या गुंतागुंतींत लक्षणीय फरक दिसला नाही, २१.३ टक्के आणि २३.६ टक्के.

यावरून पीप निरुपयोगी ठरवणारे मित्र मला भेटतात. मला ते पटत नाही. टेबलावर उघडलेले फुप्फुस नळी काढल्यावर पुन्हा मिटत असेल, तर मधल्या दोन तासांतला आकडा किती पुरणार? अतिलठ्ठ रुग्णांत मिटलेला भाग दुसऱ्या दिवशीही तसाच असल्याचे २००२ मध्येच सीटीवर दिसले होते. सडपातळ रुग्णांत तो बराचसा मोकळा झालेला होता. आपण बाराचा की चाराचा यावर परिसंवाद भरवतो. त्याच वेळी वॉर्डात आपला रुग्ण सपाट झोपलेला असतो, गुंगीत असतो आणि दुखते म्हणून खोल श्वास घेत नसतो.

माझ्या मते खरी राखण दोन टोकांना आहे. पहिले टोक टेबलावर चढताना. खांद्याखाली चादरी रचून कान छातीच्या हाडाच्या खाचेच्या रेषेत आणायला पैसे लागत नाहीत. डोक्याकडचा भाग पंचवीस अंश वर ठेवून ऑक्सिजन दिला, तर श्वास थांबल्यानंतर आपल्याला थोडा जास्त वेळ मिळतो. मास्कपासूनच १० चा दाब राखला, तर मिटणे आधीच रोखता येते, हे २००४ मध्येच दाखवून झाले आहे. सर्जनमित्र घड्याळाकडे बघतील, बघू द्या.

दुसरे टोक नळी काढताना. स्नायूंची शक्ती पुरती परत आली का, हे मॉनिटरवर पाहा. ‘ट्रेन ऑफ फोर’चे गुणोत्तर ०.९ च्या वर गेले नसेल, तर रुग्ण मान उचलतोय यावर विसंबू नका. अर्धवट बसवूनच नळी काढा. झोपेत श्वास अडकणाऱ्यांना सीपॅप लावायचा असेल तर तो लगेच लावा, रिकव्हरीत अर्ध्या तासाने नव्हे. वेदना ब्लॉकने आणि पॅरासिटामॉलसारख्या औषधांनी आटोक्यात ठेवा, म्हणजे मॉर्फिन-फेंटॅनिल कमी लागेल.

इथे आपल्या व्यवसायाची एक अडचण आहे. आपल्यातले बरेच जण बॅग घेऊन एका नर्सिंग होममधून दुसऱ्यात जातात. नळी निघाली की पुढची केस वाट बघत असते आणि रात्री रुग्णाशेजारी आपण नसतो. म्हणून उद्याच्या यादीत असा रुग्ण असेल तर फाइलवर त्याची उंची लिहवून घ्या, आणि निघण्याआधी वॉर्डच्या सिस्टरांना व नातेवाइकांना स्वतः सांगून जा : रात्रभर उशाकडून उंच ठेवा, सपाट झोपवू नका, संध्याकाळीच खुर्चीत बसवा.