स्वतःचे मोठे चित्र

चित्रकला शिकणाऱ्या मुलाला शेवटी एक मोठे काम स्वतंत्रपणे करावे लागते. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आम्हांस चित्र काढता येत नाही. पण काम कोणाचे, हे विचारण्याची खोड आहे.

केदारखेड्याहून अजिंठा फार दूर नाही. तेथे 1872 ते 1885 या काळात जॉन ग्रिफिथ्स यांच्याबरोबर मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेचे विद्यार्थी राबले. अंधाऱ्या लेण्यांतले रंग निरखीत त्यांनी सुमारे 300 नकला केल्या. त्या लंडनला गेल्या. 1885 च्या आगीत पुष्कळ जळाल्या. पुढे 1896-97 साली दोन थोर ग्रंथ निघाले, ते ग्रिफिथ्स यांच्या नावाने. पेस्तनजी बोमनजींचे नाव जाणकार अजून घेतात. बाकीच्या पोरांचे कोण घेतो?

तरी त्या पोरांना एक सोय होती. विषय समोर भिंतीवर होता, जबाबदारी गुरूंची होती. स्वतंत्र कामात दोन्ही विद्यार्थ्यावर पडतात. मग तो काहीतरी भव्य, दूरचे शोधीत दिवस घालवतो. आम्ही म्हणतो, जेथे दहा वेळा पायी जाता येईल ते घ्या. जिनिंगात कापूस उचलणारी बाई घ्या. पहिल्या दिवशी ती पदर सावरील; दहाव्या फेरीस तुम्हांला विसरेल, तेव्हा तिची वाकलेली पाठ खरी दिसेल.

आणि खर्चाचा कागद आधी करा: कॅनव्हास, रंग, एस. टी. चे भाडे. तिला समोर बसवणार असाल, तर तिचा बुडालेला रोजही त्यात धरा.