खोकल्यातून रक्त येतं तेव्हा



खोकल्याची उबळ येते आणि बेडक्याऐवजी लालभडक, फेसाळ रक्त पडतं. पुन्हा उबळ, पुन्हा रक्त. घरच्यांचे हातपाय गळतात. एवढं रक्त गेलं, आता कसं होणार, असं सगळ्यांना वाटतं. पण अशा वेळी माणूस दगावतो तो बहुधा गुदमरून. श्वासनलिकांमधली पोकळी जेमतेम दीडशे मिलीलिटर, म्हणजे चहाच्या कपाएवढी. म्हणून रक्त कोणत्या बाजूनं येतंय हे ठाऊक असेल, तर ती बाजू खाली करून रोग्याला कुशीवर निजवा आणि तडक मोठं रुग्णालय गाठा. वरचं चांगलं फुप्फुस वाचायला हवं.

फुप्फुसात रक्त दोन वाटांनी येतं. एक हृदयातून येणारी मोठी फुप्फुस-धमनी. दुसरी वाट म्हणजे महाधमनीतून निघणाऱ्या, श्वासनलिकांना पोसणाऱ्या बारीक धमन्या. यांत दाब जास्त, म्हणून मोठा रक्तस्राव दहापैकी नऊ वेळा इथूनच होतो. मांडीतल्या धमनीतून बारीक नळी सरकवून त्या बुजवल्या की तो बहुतेकदा थांबतो.

माझ्या एका रुग्णाचा थांबला नाही. शेतमजूर, क्षयाचं औषध मध्येच सोडलेलं. धमन्या बुजवल्यावर दोन दिवस बरे गेले, तिसऱ्या पहाटे पुन्हा तेच. मग सीटी अँजिओग्राफी केली, ती मुद्दाम फुप्फुस-धमनीवर लक्ष ठेवून. क्षयानं पोखरलेल्या पोकळीच्या भिंतीत त्या धमनीच्या एका फांदीवर वाटाण्याएवढा फुगवटा दिसला. सायकलची जुनी ट्यूब विरलेल्या जागी फुगते ना, अगदी तसा. 1868 साली डेन्मार्कच्या रासमुसेन या डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला त्यांचंच नाव आहे. हा विकार दुर्मिळ आहे. पण शोधलाच नाही तर सापडत नाही, आणि फुटला तर जीव घेतो.

इथे वाट बदलावी लागते. नळी मांडीच्या धमनीऐवजी शिरेतून, हृदयाच्या उजव्या कप्प्यांमधून फुप्फुस-धमनीत न्यायची आणि तारेची बारीक वेटोळी सोडून ती फांदी बंद करायची. आम्ही तेच केलं. रक्त थांबलं. क्षयाची औषधं अर्थातच नव्यानं सुरू झाली, आणि या वेळी त्यांनी ती पूर्ण केली.

तुमच्या घरात कुणाला कधीकाळी क्षय झाला असेल, तर ते लपवू नका. खोकल्यातून चमचाभर जरी रक्त आलं, तरी डॉक्टरांना आधी तेच सांगा आणि छातीची जुनी एक्स-रे फिल्म सोबत न्या.