चाकांवरचे घर आणि मुक्कामाचा पत्ता

(विहाराच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेले भाषण. काही भाग लिहून आणला होता, काही बोलता बोलता सुचला. तो तसाच ठेवला आहे.)



कार्यकर्त्यांनी मला विषय विचारला, तेव्हा मी म्हणालो, "अमेरिकेतली गाडीत राहणारी माणसं." सगळे हसले. एक जण म्हणाला, "दादा, आपल्या लोकांना दहा बाय बाराच्या खोलीची भ्रांत, आणि तुम्ही अमेरिकेतल्या गाड्या काय सांगता?" मी म्हटलं, आधी ऐका, मग हसा.

मी साचेखात्यात काम केलेला माणूस. बदली कामगार म्हणून लागलो आणि गिरणी बंद पडली तेव्हा बाहेर पडलो. शिक्षण शाळेत कमी, वाचनालयात जास्त. मागे एक इंग्रजी पुस्तक हाती आलं. जेसिका ब्रूडर या पत्रकार बाईंचं 'नोमॅडलँड', २०१७ सालचं. डिक्शनरी शेजारी ठेवून वाचलं, चार महिने लागले. त्यावर क्लोई झाओ यांनी २०२० साली सिनेमा केला. त्याला २०२१ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. तो मुलाच्या मोबाईलवर पाहिला. मग मिळेल ते वाचत गेलो. आज जे सांगतो ते त्यातलं आहे.

तिकडे आर.व्ही. नावाची गाडी असते. मी तिला घरगाडी म्हणतो. कुणाची बसएवढी, कुणाची टेम्पोएवढी, तर कुणाची मोटारीला मागे जोडलेली. आत पलंग, शेगडी, मोरी, संडास. पोटाखाली टाक्या असतात. एक चांगल्या पाण्याची, एक मोरीच्या पाण्याची, एक संडासाची. चांगलं पाणी भरून आणायचं, घाण पाणी नेमलेल्या जागीच ओतायचं. शेगडीला गॅसची टाकी, दिव्याला बॅटरी, टपावर सूर्याच्या उजेडावर चालणाऱ्या पाट्या. बहुतेक लोक ही गाडी सुट्टीपुरती वापरतात. पण काही जण बारा महिने तिच्यातच राहतात. त्यांना 'फुलटायमर' म्हणतात.

ही माणसं दोन वाटांनी तिथं येतात. काही जण आपखुशीने येतात. नोकरी संपली, मुलं मार्गी लागली, घर विकलं आणि देश बघायला निघाले. त्यांचा आनंद खरा आहे, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. दुसरे लोटले गेलेले. २००८ सालच्या मंदीत कर्जाचे हप्ते थकले आणि लाखो कुटुंबांची घरं गेली. भाडं परवडेना म्हणून कित्येक जण गाडीत राहायला गेले. नेवाडा राज्यात एम्पायर नावाचं गाव होतं. जिप्समच्या कारखान्याने वसवलेलं, घरंसुद्धा कंपनीचीच. जानेवारी २०११ मध्ये कारखाना बंद झाला, गाव रिकामं झालं, आणि त्याच वर्षी त्या गावाचा पिनकोडसुद्धा बंद झाला. हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो. आमच्या गिरणीचा भोंगा बंद झाला, पण परळ-लालबागचा पिनकोड तरी राहिला!

ही मंडळी पोट कसं भरतात? पेन्शन पुरत नाही म्हणून हंगामाच्या मागे फिरतात. ऑक्टोबरात नॉर्थ डकोटा आणि मिनेसोटात साखरेच्या बीटचा हंगाम लागतो, बारा-बारा तासांची पाळी. उन्हाळ्यात सरकारी जंगलातल्या तळांवर देखरेख आणि साफसफाई. नाताळच्या आधी अ‍ॅमेझॉनच्या गोदामात माल उचलायचा. त्यासाठी कंपनीने घरगाडीवाल्यांची खास भरतीच चालवली होती. ती आता बंद झाली. साठी-सत्तरीची माणसं ही कामं करत होती. आपल्याकडे ऊसतोड कामगार कोयता घेऊन सहा-सहा महिने फडावर जातो, तेच हे. फरक एवढा की त्याच्या मागे गाव असतं, यांच्या मागे कधी कधी काहीच नसतं.

हिवाळ्यात हजारो गाड्या अ‍ॅरिझोनातल्या क्वार्टझाइट या गावाभोवती वाळवंटात जमतात. गाव दोन-अडीच हजार वस्तीचं, पण थंडीत तिथं जत्रा भरते. कारण ऊन असतं आणि जमीन सरकारी. सरकारी जमिनीवर साधारण १४ दिवस फुकट राहता येतं, मग तळ हलवावा लागतो. १९८३ पासून सरकारने काही जागा लांब मुक्कामासाठी राखल्या. तिथे फी भरली की १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल राहता येतं. पुढे? पुढे चाकं फिरलीच पाहिजेत.

आता मुद्द्यावर येतो. ज्याला घर नाही त्याला पत्ता नाही. आणि पत्ता नाही तर लायसन्स नाही, विमा नाही, बँक नाही, मत नाही. हे आपल्याला कुणी शिकवायला नको. रेशनकार्डावरचा पत्ता बदलायला मी स्वतः किती खेटे घातले ते मलाच माहीत. या लोकांनी त्यावर तोड काढली. साउथ डकोटा राज्यात एका रात्रीच्या मुक्कामाची पावती दाखवली की लायसन्स मिळू लागलं. म्हणून कित्येकांनी तिथला टपालाचा पत्ता घेतला. पण मताचं तसं राहिलं नाही. २०२३ च्या कायद्याने तिथे मतदार व्हायला ३० दिवस राहण्याची अट आली. जो सतत चालतो त्याचं मत कुठलं, हा प्रश्न त्या श्रीमंत देशालाही सुटलेला नाही.

आणि बंधूंनो, वय कुणाला सोडतं? नजर कमी होते, रात्री गाडी हाकवत नाही. दोघांतला एक जातो, मागे राहिलेल्याला एवढं धूड एकट्याने वळवता येत नाही. गाडीही म्हातारी होते. घराची किंमत बहुधा वाढते, गाडीची दर वर्षी पडते. कित्येक खासगी तळ दहा वर्षांपेक्षा जुनी गाडी आत घेत नाहीत. मग सुरू होतो शोध: आता थांबायचं कुठं?

वही घेऊन हिशेब मांडतात. इस्पितळ किती मैलांवर? थंडी किती, ऊन किती? कर किती? टेक्सास, फ्लोरिडा, साउथ डकोटा इथे राज्याचा आयकर नाही, म्हणून ती नावं वर येतात. मग कुणाला स्वस्त जमिनीची जाहिरात दिसते. कोलोरॅडोत कॉस्टिया नावाची काउंटी, म्हणजे आपल्याकडचा जिल्हा समजा. तिथे माळरानाचे पाच-पाच एकरांचे तुकडे पाडून स्वस्तात विकलेले आहेत. टेड कोनोव्हर या लेखकाने तिथे राहून २०२२ साली त्यावर पुस्तक लिहिलं. जमीन मिळते, पण पाणी नाही. विहीर खोदायची तर जमिनीपेक्षा खर्च जास्त. सांडपाण्याची टाकी बांधल्याशिवाय राहायची परवानगी मिळत नाही. जमीन स्वतःची, गाडी स्वतःची, तरी राहणं बेकायदा! तिथल्या केंद्र सरकारच्या गृहखात्याच्या २०१८ च्या नियमातली घरगाडीची व्याख्याही तशीच: ती मौजेसाठी बनवलेली, कायम राहण्यासाठी नव्हे. माणूस वीस वर्षं जिच्यात राहिला ते कायद्याने घरच नाही.

ज्याच्याकडे तेवढेही पैसे नाहीत, तो शहरात रस्त्याकडेला गाडी लावून झोपतो. जून २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रँट्स पासच्या खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला की, सार्वजनिक जागेत पथारी टाकणाऱ्याला शहराने दंड केला तर ते घटनाबाह्य नाही. गाडीत झोपणाराही त्या शहराच्या नियमात सापडत होता. फूटपाथवरच्या माणसाने जावं कुठं, हा आपल्या मुंबईचा जुना प्रश्न. तो तिथंही उभा आहे.

मग कुणाला ठिकाण सापडलंच नाही का? सापडलं. मला सांगायची गोष्ट हीच आहे. १९७८ साली घरगाडीवाल्या एका जोडप्याने 'एस्केपीज' नावाची संघटना काढली. टेक्सासमधल्या लिव्हिंग्स्टन गावात तिचं कार्यालय आहे. हजारो सभासदांचं टपाल तिथे येतं आणि ते जिथं असतील तिथं पाठवलं जातं. सभासदांनी पुढे पैसे एकत्र करून जमिनी घेतल्या. अ‍ॅरिझोनात बेन्सन, कॅलिफोर्नियात कोर्सगोल्ड, टेक्सासात होंडो अशा ठिकाणी सहकारी तळ उभे राहिले. प्रत्येकाला आपली जागा, नियम सगळ्यांनी मिळून केलेले. आणि जो आजाराने थकला, त्याच्यासाठी लिव्हिंग्स्टनला 'केअर' नावाचं केंद्र आहे. तिथे माणूस आपल्याच गाडीत राहतो. जेवण मिळतं, डॉक्टरकडे नेणारं माणूस असतं. घर तेच, चाकं तीच, पण आता शेजार आहे.

म्हणजे बघा, वहीत ऊन मांडलं, कर मांडला, जमिनीचा भाव मांडला, आणि शेवटी कामाला आला तो शेजार. सकाळी आपलं दार उघडलं नाही तर कुणी येऊन कडी वाजवेल, तो मुक्काम. बाकी सगळी पार्किंगची जागा!

हे मी का वाचत बसलो, ते आता कबूल करतो. आमच्या घरी वर्षभर एकच वाद चालू आहे. चाळीतली खोली विकायची आणि लांब कुठंतरी स्वस्तात मोठी जागा घ्यायची. मुलगा म्हणतो, "बाबा, दोन खोल्या मिळतील, गॅलरी मिळेल." दलालाने कागदसुद्धा आणून ठेवले होते. आमच्या मंडळी काही बोलत नव्हत्या. एक दिवस एवढंच म्हणाल्या, "तुम्हाला रात्री दम लागला तेव्हा पलीकडच्या खोलीतला पोरगा धावत रिक्षा घेऊन आला. तिथं कोण येईल?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. इथं बसलेल्या कित्येकांच्या घरी हाच वाद आहे, मला ठाऊक आहे. घराघरातला दलाल एकच आहे!

या घरगाडीवाल्यांत एक शहाणपणाची रीत आहे. आवडलेल्या ठिकाणी लगेच जमीन घ्यायची नाही. आधी तिथला सगळ्यात वाईट हंगाम राहून काढायचा. आपला वाईट हंगाम पावसाळा. भन्ते समोर बसलेत, त्यांच्यापुढे मी काय सांगावं? भिक्खू संघाची रीतच ती. एरवी चारिका, पण आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत एका जागी. चालणाऱ्यालाही थांबायला वस्ती लागते, आणि त्या वस्तीने त्याला धरून ठेवावं लागतं.

म्हणून आम्ही दोघांनी ठरवलंय. खोली विकायची नाही. पुढच्या पावसाळ्यात त्या नव्या जागी चार महिने भाड्याने राहायचं. पाणी किती वेळ येतं, दवाखाना रात्री उघडा असतो का, गाडी चुकली तर घरी कसं यायचं, हे बघायचं. आणि मुख्य म्हणजे, चार महिन्यांत आम्हाला नावाने हाक मारणारी चार माणसं भेटतात का ते बघायचं. भेटली तर जाऊ. नाही भेटली तर आपली चाळ आहेच, गळकी का असेना.

तुम्हालाही विनंती एवढीच. सही करण्याआधी एक पावसाळा काढा. आणि आपल्या शेजारी कुणी नवीन राहायला आला, तो कुठूनही आला असेल, तर त्याच्या दाराची कडी तुम्ही आधी वाजवा.

जय भीम.